दीडशे तासांचा कॅप्टन

आमच्या भागात पदव्या विद्यापीठापेक्षा पारावर जास्त वाटल्या जातात. कोर्टाच्या चार तारखा केलेला माणूस ‘वकीलसाहेब’ होतो, दवाखान्यात दोन वर्षं कंपाउंडरकी केलेला मरेपर्यंत ‘डाक्टर’ राहतो, आणि निवडणुकीत पडलेल्याला ‘माजी’ म्हणतात; कशाचा माजी, हे विचारायचं नसतं. कॅप्टनची पदवी त्या मानानं बरीच खरी आहे. त्याच्याजवळ डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, हेलिकॉप्टर चालवण्याचा व्यावसायिक परवाना आहे. परवाना आहे, गॉगल आहे, पांढरा शर्ट आहे. नाही ते फक्त हेलिकॉप्टर.

गाव घाटाखालचं, नांदुरा आणि खामगाव यांच्या मधलं. काळी माती, कापूस, सोयाबीन आणि उन्हाळ्यात डोक्यावर उकळतं आभाळ. समुद्र इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास; कॅप्टन ते अंतर नॉटिकल मैलांत सांगतो, म्हणजे जरा जवळ वाटतं. अशा गावच्या पोरानं ‘मी समुद्रावर हेलिकॉप्टर उडवणार’ असं जाहीर केलं, तेव्हा गावानं ते शांतपणे ऐकून घेतलं. खामगाव-जालना रेल्वेची इंग्रजांच्या काळापासून वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला कुठलीच गोष्ट एकदम अशक्य वाटत नाही. वेळ लागेल, एवढंच.

या खुळाचं मूळ निवडणुकीत आहे. कॅप्टन सातवीत असताना शाळेच्या मैदानावर एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं. बांधकाम खात्यानं फक्कीनं ‘एच’ काढला होता, टँकरनं पाणी मारलं होतं, तरी जी धूळ उठली तिच्यात हेडमास्तरांची टोपी गेली ती गेलीच. धूळ बसल्यावर सारं गाव पुढाऱ्याकडे धावलं. हे पोरगं मात्र उलट्या दिशेनं गेलं. तिकडं पायलट पंख्याच्या सावलीत उभा राहून केळ खात होता. पुढारी दीड तास बोलले, लोकांनी दीड तास ऐकलं, आणि सातवीतल्या एका मुलानं दीड तास त्या केळ खाणाऱ्या माणसाला पाहिलं. जाताना सगळ्यांना हात पुढाऱ्यानं केला. याला पायलटनं केला. एवढ्याशा हातवाऱ्यात बापाचं वावर गेलं.

पायलट व्हायचं तर पहिली पायरी डॉक्टरची. आधी क्लास टू, मग क्लास वन, अशा दोन वैद्यकीय तपासण्या असतात. कॅप्टननं दिल्लीहून फोन केला, “क्लास वन झालं!” बापानं फोन ठेवला आणि खामगावला पेढ्यांसाठी माणूस पिटाळला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पोरगा क्लास वन अधिकारी झाला, तेही एमपीएससीची पायरी न चढता. दोन स्थळं सांगून आली. एक जण सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला कागद घेऊन बसला. पोराचे डोळे, कान आणि काळीज धड आहे एवढाच त्या क्लास वनचा अर्थ, हे आठ दिवसांनी कळलं तोवर पेढे पचले होते. स्थळं परत गेली. सातबारावाला अजून रागात आहे.

मग शिक्षण. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची रोटरी विंग अकादमी आहे, पण तिथं काही जमलं नाही, म्हणून कॅप्टन अमेरिकेत गेला आणि रॉबिन्सन आर-२२ नावाच्या दोन माणसांच्या हेलिकॉप्टरवर शिकला. परवान्याला किमान १५० तास उडावं लागतं. हे तास घड्याळाचे असले तरी त्यांचा हिशेब आमच्याकडे एकरांत होतो. कॅप्टनच्या बापाला आजही विचारा, तो बोटांवर सांगेल: धुऱ्यालगतचं वावर एकट्यानं उडायला शिकण्यात गेलं, विहिरीजवळचं क्रॉस-कंट्रीत गेलं, आणि नाल्यापलीकडचा तुकडा नाईट फ्लाइंगमध्ये. “रातीचं उडनं महाग पडलं बाप्पा,” तो म्हणतो, “ते तुरीचं वावर होतं.”

पोरगा परत आला तेव्हा गावानं फ्लेक्स लावला. ‘गावचे पहिले पायलट’ अशी अक्षरं, खाली शुभेच्छुकांचे एकोणीस फोटो, आणि मधोमध भलं मोठं जंबो जेट. कारण खामगावच्या फ्लेक्सवाल्याकडं आयतं तेच चित्र होतं. कॅप्टननं तक्रार केली. फ्लेक्सवाला म्हणाला, “भाऊ, त्याच पैशात मोठं दिलं, अन् तू नाराज होऊन राह्यला?” पुढं दोन पावसाळे तो फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्रीच्या कामी आला. जंबो जेटनं भाव पडेस्तोवर माल कोरडा ठेवला.

डीजीसीएचे पेपर, म्हणजे नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक विषय, आणि रेडिओवर बोलायची वेगळी परीक्षा, हे सगळं पास झाल्यावर माणूस पूर्वीसारखा राहत नाही. कॅप्टन मोटारसायकलला किक मारण्याआधी तिच्याभोवती एक फेरी घालतो. टायर दाबतो, साखळी पाहतो, टाकीचं झाकण हलवून बघतो, आणि मग आरशात बघून ओठांतल्या ओठांत यादी म्हणतो. मागं बसणाऱ्याला पोहोचायची घाई असते. त्याला कॅप्टन आधी गाडीवरून उतरायचं कसं ते समजावतो. आईनं “जेवाले ये” म्हटलं की आतून आवाज येतो, “स्टँडबाय.” आई बिचारी स्टँडबाय राहते. भाकर राहत नाही.

नांदुऱ्यावरून जाताना महामार्गालगतच्या १०५ फुटी मारुतीला सगळी एसटी हात जोडते. कॅप्टनही जोडतो, पण त्याच्या तोंडातून आधी “एकशे पाच फूट, ऑब्स्टकल” असं निघतं. त्यावरून आजीनं त्याला एकदा चांगलंच धारेवर धरलं. ती म्हणाली, “अरे, पयल्यांदा समुद्र ओलांडला तो यानं. तव्हा याचे किती तास झाले होते रे?” कॅप्टन निरुत्तर. मग थोडं थांबून म्हणाला, “पण आजी, त्याच्यासाठी जांबुवंतानं शब्द टाकला होता.” आजीलाही ते पटलं. तेव्हापासून घरात जांबुवंताचा शोध सुरू आहे.

आता समुद्रच का, हे कॅप्टनकडूनच ऐकावं. स्टँडवरच्या हॉटेलात, कचोरीच्या बशीशेजारी, तो ओल्या बोटानं टेबलावर मुंबई काढतो. “आपल्याकडं हेलिकॉप्टरचा धंदा तीन गोष्टींवर चालते,” तो सांगतो, “देव, निवडणूक अन् तेल. देव म्हंजे केदारनाथ. तिथं बर्फ पडला की मंदिराचं दार बंद अन् आपलंही बंद. निवडणूक म्हंजे महिनाभराची सुगी. तेल मात्र बारमाही.” मग बोट मुंबईच्या पश्चिमेला सरकतं आणि टेबलाच्या कडेशी थांबतं. तिथं, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगनं तिथं तेल शोधलं, १९७६ साली ते निघायला लागलं. समुद्रात उभ्या केलेल्या त्या लोखंडी फलाटांवर ओएनजीसीची माणसं चौदा दिवस काम करतात आणि चौदा दिवस घरी येतात. त्यांना न्यायचं-आणायचं जुहूवरून, हेलिकॉप्टरनं. रोज. पावसाळ्यातही. त्यासाठीच तर १९८५ साली पवन हंस ही सरकारी कंपनी उभी राहिली. “रोज उड्डाण म्हंजे रोज तास,” कॅप्टन म्हणतो, आणि ‘तास’ हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज जरासा ओला होतो.

ऐकणारे माना डोलावतात. त्यातले निम्मे ‘बॉम्बे हाय’ला ‘बॉम्बे हायवे’ समजतात. पोरगा जुन्या सहा नंबरच्या हायवेवर लागला तर घरून जाऊन-येऊन करता येईल, असं त्यांचं मत आहे.

खरी गोची पुढं आहे. कॅप्टन शिकला ते एका इंजिनाचं, दोन सीटचं यंत्र. समुद्रावर उडतात ती दोन इंजिनांची, दहा-बारा माणसं नेणारी. त्यांत दोन पायलट लागतात. त्या प्रत्येक जातीच्या यंत्राचं वेगळं प्रशिक्षण. वरून इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे खिडकीबाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विश्वास ठेवून उडायची परवानगी. आणि या सगळ्याच्या वर तेल कंपनीचं कंत्राट. त्यात लिहिलेलं असतं की आमच्या माणसांना नेणाऱ्या पायलटचे इतके इतके तास झालेले असले पाहिजेत. रांगेत पुढं उभे असतात हवाई दलातून, नौदलातून, लष्करातून निवृत्त झालेले लोक. त्यांच्या लॉगबुकात हजारो तास. कॅप्टनच्या लॉगबुकात दीडशे, आणि थोडे वरचे, जे तो जपून सांगतो. एकेका जागेला विंग कमांडर, कमांडर आणि कर्नल. त्यांच्या मागं उभा खामगाव तालुक्याचा कॅप्टन.

तास नाहीत म्हणून नोकरी नाही. नोकरी नाही म्हणून तास नाहीत. हे कोडं मुंबईत त्याला बऱ्याच शिकलेल्या माणसांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. बापाला एका वाक्यात समजलं. “बँकेचं बी असंच असते,” तो म्हणाला. “ज्याच्यापाशी हाय, त्यालेच कर्ज देतात.” आणि बैलाला पाणी पाजायला उठून गेला.

लॉगबुक म्हणजे उड्डाणाच्या नोंदींची वही. कॅप्टनच्या घरात तिची जागा देव्हाऱ्यात, हरिविजयाशेजारी. आईनं ती लाल कपड्यात बांधली आहे. दसऱ्याला नांगर, वखर, विळा आणि लॉगबुक अशी एकत्र पूजा होते. एका वर्षी हळदीचं बोट नेमकं ‘एकूण तास’ या रकान्यावर पडलं. कॅप्टननं महिनाभर रबरानं हळद काढली. तास वाढल्यासारखे दिसत होते, आणि खोट्या नोंदीला परवाना जातो. त्याची चेष्टा करणारेही ही एक गोष्ट मान्य करतात: दहा तास जास्त लिहून घ्यायचा सल्ला त्याला कमी लोकांनी दिला नाही, पण त्यानं वहीत एक मिनिट खोटं लिहिलेलं नाही.

लग्नाच्या बैठकीत या प्रामाणिकपणाचा तोटा होतो. मुलीच्या मामानं विचारलं, “पगार काय मिळते?” कॅप्टन म्हणाला, “सध्या दीडशे तास आहेत.” मामा बराच वेळ विचारात पडला. शेवटी बाजूच्या माणसाला म्हणाला, “रोजंदारीवर हाय वाटते.”

हवामानशास्त्राचा पेपर पास झाल्याचं गाव विसरत नाही. आमच्या जिल्ह्यात पावसाचा अंदाज अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीत होतो. घटाभोवतीची धान्यं, घागर, करवा यांवरून दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात आणि ते ऐकायला लांबलांबचे शेतकरी जमतात. कॅप्टननं एका वर्षी त्याला शास्त्रीय उत्तर द्यायचं ठरवलं. रोज सकाळी तो पारावर मोबाइल उघडून मुंबई विमानतळाचा हवामान अहवाल वाचायचा. “वारा दोनशे चाळीस अंशावरून, दृश्यता बाराशे मीटर, ढग आठशे फुटांवर.” म्हातारे शांतपणे ऐकून घ्यायचे. एकानं शेवटी विचारलं, “हे मुंबईचं झालं. आपल्या इथी कव्हा पडते?” कॅप्टन म्हणाला, “आपल्या इथचा अहवाल निघत नाही, कारण इथं विमानतळ नाही.” म्हाताऱ्यानं पटका सारखा केला. “मंग भेंडवळ बरं. तिथं विमानतळ लागत नाही.”

समुद्रावर जायचं तर पाण्याची तयारी हवी. जिल्ह्यातलं खारं सरोवर एकच, लोणारचं. उल्का पडून बेसाल्टात झालेलं ते विवर, कडेपासून कडेपर्यंत जवळजवळ दोन किलोमीटर. कॅप्टन तिथं जाऊन काठावर उभा राहिला, लांबी-रुंदी, उताराचा कोन, वाऱ्याची दिशा सगळं पाहून आला. पाण्यात उतरायला मात्र बंदी. ते रामसर यादीतलं पाणथळ स्थळ. त्यात पोहायला शिकता येत नाही. मग उरली ती विहीर.

तेल कंपन्यांच्या हेलिकॉप्टरमधून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला, पायलटसकट, एक शिक्षण घ्यावं लागतं. हेलिकॉप्टरच्या डब्याची नक्कल मोठ्या हौदात सोडतात, ती पाण्याखाली जाऊन उलटी होते, आणि आत पट्ट्यांनी बांधलेल्या माणसानं शांत डोक्यानं बाहेर पडायचं. हेलिकॉप्टरचं सगळं वजन वरच्या बाजूला, इंजिन आणि पंख्यांत. पाण्यात पडलं की ते उलटण्याचीच शक्यता जास्त. गोव्यात बेतुलला ओएनजीसीनं त्यासाठी सागरी सुरक्षा केंद्र उभारलंय, २०२४ साली त्याचं उद्घाटनही झालं. कॅप्टनला कंपनी नव्हती, म्हणून केंद्र नव्हतं. पण विहीर वडिलोपार्जित होती.

भंगारातून त्यानं मारुती व्हॅनची एक सीट आणली, पट्ट्यासकट. पाडलेल्या जुन्या घराच्या खिडकीची सागवानी चौकट तिच्या उजव्या अंगाला तारेनं बांधली. ही झाली हेलिकॉप्टरची खिडकी. कप्पीवर नाडा घातला. चार मित्र नाड्यावर. त्यांचा त्यानं आधी वर्ग घेतला: सीट पाण्यात गेली की इशारा होईल, मग एका बाजूनं ओढून उलटी करायची, आणि पंचवीस मोजून झाले की काही झालं तरी वर घ्यायचं. स्वतःलाही त्यानं मोठ्यानं बजावलं. पहिलं म्हणजे एक हात खिडकीवर, आणि तो हात कशासाठीही सोडायचा नाही. उलटं झाल्यावर वर-खाली, डावं-उजवं काही कळत नाही, तेव्हा तो हातच वाट दाखवतो. दुसरं, सगळं हलायचं थांबेपर्यंत थांबायचं. तिसरं, खिडकी मोकळी करायची. चौथं, आणि त्यानंतरच, पट्टा. पाचवं, बाहेर आल्यावरच जॅकेट फुगवायचं. आत फुगवलं तर माणूस छताला चिकटतो आणि तिथंच राहतो.

मित्र म्हणाले, समजलं. सीट खाली गेली, उलटी झाली, आणि कॅप्टननं सगळ्यात आधी पट्टा सोडला. माणसाचा हात आधी पट्ट्यावरच जातो. बांधलेलं सोडवणं हा स्वभाव आहे. पट्टा सुटल्याबरोबर तो तरंगून कुठल्या कुठे गेला, चौकट तारेतून निसटली, आणि आठ मोजून होण्याच्या आत गळ्यात खिडकी घातलेला कॅप्टन पाण्यावर आला.

तोवर वर बोंब झाली होती. आमच्या भागात कोणी नाडा घेऊन विहिरीकडं गेलं की गाव विचारत बसत नाही, धावतं. का धावतं, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आजी सगळ्यात पुढं. खिडकीतून डोकावणारं नातवाचं तोंड पाहून तिला रडावं की मारावं कळेना. “असे मराचे धडे कोणी घेते काय रे?” ती ओरडली. खालून आवाज आला, “मराचे नाही आजी, निघाचे.”

२८ जून २०२२ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर किरण’ रिगपाशी पवन हंसचं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं. नऊ जण होते. पाच वाचले, चार गेले. त्या रात्री आईनं देव्हाऱ्यातलं लॉगबुक काढून धान्याच्या कोठीत लपवलं. कॅप्टननं ते शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच विहिरीवर गेला आणि सीटला चौकट पुन्हा बांधू लागला. नाड्यावर चार मित्र आले, मागून बाप आला. पाचव्याच्या हातात नाडा देताना कोणी काही बोललं नाही. त्यानंतर कॅप्टनचा हात खिडकीवरून कधी सुटला नाही. लॉगबुक पोळ्याला आपोआप देव्हाऱ्यात परत आलं.

जुहूला अर्ज द्यायला तो वर्षातून एकदा जातो, १५ ऑक्टोबरला. १९३२ साली याच तारखेला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, आणि पवन हंसची स्थापनाही १५ ऑक्टोबरची. हा योगायोग सापडल्यापासून कॅप्टन दुसऱ्या तारखेला पाकीट देत नाही. पाकीट घेणाऱ्या साहेबांच्या लेखी तो साधा बुधवार किंवा गुरुवार असतो. एका कचेरीत उत्तर मिळतं, “तास झाले की या.” दुसरीत मिळतं, “कळवू.” कॅप्टन दोन्ही उत्तरं वहीत लिहितो, मग भिंतीबाहेर उभा राहून उतरणारी हेलिकॉप्टरं पाहतो आणि रात्रीच्या गाडीनं मलकापूर गाठतो.

मग २०२४ साल आलं. उन्हाळ्यात लोकसभा, दिवाळीनंतर विधानसभा. आभाळात पुढाऱ्यांची एवढी गर्दी जिल्ह्यानं पाहिली नव्हती. हेलिपॅड तयार करणाऱ्यांना कोणीतरी सांगितलं की गावात एक दीडशे तासांचा माणूस रिकामा आहे. कॅप्टन मैदानावर आला आणि त्यानं आल्या आल्या मंडपवाल्याशी भांडण काढलं. मंडप वाऱ्याच्या बाजूला होता, कापड सैल होतं, आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या ‘एच’पासून दगडाच्या अंतरावर. त्यानं मंडप उलटा फिरवायला लावला. फक्की कोरडी होती म्हणून दोनदा पाणी मारून घेतलं. एका कार्यकर्त्यानं गुलालाचं पोतं आणलं होतं. ते त्यानं जप्त केलं आणि त्यावर स्वतः बसला. वाऱ्याची दिशा दिसावी म्हणून मैदानाच्या कोपऱ्यात ओल्या कुटाराचा ढीग पेटवून धूर केला. तहसीलदार म्हणाले, “हा कोण?” कोणी म्हणालं, “कॅप्टन.” तहसीलदारांनी नकळत खुर्ची पुढं केली.

हेलिकॉप्टर उतरलं. एक खुर्ची उडाली नाही, एक टोपी गेली नाही. गाव पुढाऱ्याकडं धावलं. पायलट, लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, खाली उतरून म्हणाले, “धूर कोणी केला?” धूर करणारा पुढं आला. पुढारी बोलत होते तेवढा वेळ दोघं पंख्याच्या सावलीत उभे होते. कॅप्टननं तास सांगितले. त्या गृहस्थांनी ते ऐकून तोंड वाकडं केलं नाही, की खोटा धीरही दिला नाही. एवढंच म्हणाले, “समुद्रावरची सीट अर्जानं मिळत नाही. ती रिकामी होते, त्या दिवशी तू तिथं हजर लागतोस. जुहूला मिळेल ते काम धर. फरशी पुसायची म्हणाले तर पूस. पण भिंतीच्या आतून पूस.”

जांबुवंत सापडला होता. फक्त त्यानं शब्द टाकायच्या ऐवजी झाडू हातात दिला होता.

आज कॅप्टन जुहूला भिंतीच्या आत आहे. त्याचं काम वजनाचं. रिगवर जाणारा प्रत्येक माणूस आणि त्याची बॅग तो काट्यावर घेतो, आकडे मांडतो, इंधन किती, माणसं किती, कोण कुठं बसला म्हणजे तोल राहील, याचा कागद तयार करून पायलटच्या हातात देतो. तासांच्या रकान्यात अजून भर पडलेली नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी पैसे साठतायत. या वेळी वावर नाही, पगार चाललाय. पहिले काही महिने त्यानं हे काम घरी कळवलंच नाही. शिकलो उडायला आणि करतो वजनं, याची त्याला लाज वाटत होती.

दिवाळीला घरी आला तेव्हा भांडं फुटलं. पारावर बसलेल्या मामाकडं पाहून तो सवयीनं म्हणाला, “मामा, ब्याऐंशी. पिशवी धरून सत्त्याऐंशी.” मग सरपंचाकडं पाहून म्हणाला, “तुम्ही मधल्या रांगेत बसा.” पारानं विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. त्याला वाटलं आता हसतील. पण हा कापसाचा मुलूख आहे. जिनिंगवर सूट-बूटवाला व्यापारी येतो, दलाल येतो, पुढारी येतो. शेतकरी मात्र नमस्कार करतो तो काटेवाल्याला. गावानं कॅप्टनला एवढ्या आदरानं चहा त्याच्या क्लास वनच्या दिवशीही पाजला नव्हता.

सातबारावाल्यानं तेवढी खोडी काढलीच. तो कॅप्टनच्या बापाला म्हणाला, “म्हंजे तुहा पोरगा अजून उडत नाही तर?”

बापानं बशीतला चहा संपवला. “नाही उडत,” तो म्हणाला. “पण त्यानं काट्यावर घेतल्याबिगर तिथी कोनीच उडत नाही.”